गोड शब्द आणि पक्का शब्द

‘बघू या’, ‘करू की’, ‘तू कशाला काळजी करतेस?’ ही वाक्यं ज्या घरात कधी ऐकू येत नाहीत, असं घर शोधूनच काढावं लागेल! म्हणणाऱ्याच्या मनात कपट नसतं. त्या क्षणी त्याला ते काम खरोखरच करायचं असतं; निदान समोरच्याला नाराज करायचं नसतं. पण महिना उलटतो, गळका नळ गळतच राहतो, आणि मग कळतं की गोड शब्द निराळा आणि पक्का शब्द निराळा.

हा धडा एका बाईंना थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत शिकावा लागला. त्यांचं नाव फ्रान्सिस पर्किन्स. १९३३ ते १९४५ अशी बारा वर्षं त्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होत्या. तिकडे मंत्र्यांना सेक्रेटरी म्हणतात. अमेरिकेच्या मंत्रिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९४५ च्या एप्रिलमध्ये रूझवेल्ट वारले आणि पुढच्याच वर्षी बाईंनी त्यांच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. नाव साधंच, ‘द रूझवेल्ट आय न्यू’, म्हणजे ‘मला माहीत असलेले रूझवेल्ट’.

मोठ्या माणसांवरची पुस्तकं बहुधा एकतर आरती ओवाळणारी असतात, नाहीतर उणीदुणी काढणारी. या पुस्तकात माया पुष्कळ आहे, पण डोळे उघडे आहेत. आपल्या ओळखीतला सगळ्यांत गुंतागुंतीचा माणूस म्हणजे रूझवेल्ट, असं बाई सुरुवातीलाच सांगून टाकतात. हा माणूस बोलायचा कसा, ऐकायचा कसा, आणि त्याच्या तोंडचं ‘हो’ कागदावर यायला काय काय करावं लागायचं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. आपल्याला ते ओळखीचं वाटावं असंच आहे.

चहाचा पेला ठेवून धावलेली बाई

पर्किन्सबाईंचा जन्म १८८० सालचा, बॉस्टनचा. माउंट होलिओक या मुलींच्या कॉलेजातून त्या १९०२ साली पदवीधर झाल्या. काही काळ त्यांनी शाळेत शिकवलं आणि मग कामगार स्त्रिया आणि मुलांच्या प्रश्नांवर काम करू लागल्या.

२५ मार्च १९११ या दिवशी न्यू यॉर्कमध्ये वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ एका मैत्रिणीकडे त्या चहाला गेल्या होत्या. बाहेर आगीच्या बंबांचा गलका ऐकू आला आणि त्या धावत तिकडे गेल्या. ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीचा, म्हणजे बायकांचे ब्लाउज शिवण्याचा कारखाना पेटला होता. कारखाना उंच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर होता, एक दार कुलूपबंद होतं, आणि बंबाच्या शिड्या तिथवर पोचत नव्हत्या. पोरी खिडक्यांतून उड्या टाकत होत्या आणि पर्किन्सबाई खाली उभ्या राहून ते बघत होत्या. त्या आगीत १४६ माणसं गेली. बहुतेक सगळ्या नुकत्याच परदेशातून आलेल्या तरुण मुली.

बाईंच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचं मूळ त्या दुपारीत आहे. ‘कायदा’ हा शब्द त्यांच्या लेखी कधी कोरडा राहिला नाही. कायदा म्हणजे दाराला कुलूप नसणं, कायदा म्हणजे शिडी वरपर्यंत पोचणं.

त्याच सुमाराला त्यांनी तरुण रूझवेल्टना पाहिलं. रूझवेल्ट तेव्हा न्यू यॉर्क राज्याच्या विधिमंडळात होते. उंच, देखणे, श्रीमंताघरचे. मान मागे टाकून नाकावरच्या चष्म्यातून लोकांकडे खाली बघण्याची त्यांना सवय होती! स्त्री कामगारांकडून आठवड्याला ५४ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, अशा कायद्यासाठी पर्किन्सबाई खेटे घालत होत्या. रूझवेल्टनी त्यात काहीच रस घेतला नाही आणि बाईंची फार निराशा झाली. ही गोष्ट त्यांनी पुस्तकात स्वच्छ लिहून ठेवली आहे. ज्यांच्याबद्दल इतकी माया, त्यांच्याबद्दलही असं लिहायला मनाचा प्रामाणिकपणा लागतो.

आजाराने शिकवलेलं

१९२१ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, रूझवेल्टना पोलिओ झाला. कमरेखालचा भाग लुळा पडला. पुढे पायांना पोलादी पट्ट्या बांधून, कोणाच्या तरी दंडाचा आधार घेऊन ते चार पावलं टाकत, पण आधाराशिवाय ते परत कधीच चालू शकले नाहीत.

या आजारातून बाहेर आलेला माणूस वेगळाच होता, असं पर्किन्सबाई म्हणतात. तो पूर्वीचा ताठा गेला आणि त्याजागी ओलावा आला. १९२८ साली रूझवेल्ट न्यू यॉर्कच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते, तेव्हाचा एक प्रसंग त्यांनी सांगितला आहे. शहराच्या यॉर्कव्हिल भागात सभा होती. सभागृह गर्दीने फुललेलं, आत जायला वाट नाही. शेवटी काही जणांनी रूझवेल्टना उचललं आणि आगीच्या वेळी उतरायचा जो बाहेरचा लोखंडी जिना असतो, त्यावरून वर नेलं. एवढा मोठा माणूस, लहान मुलासारखा दुसऱ्यांच्या हातांवर! पण चेहऱ्यावर ना संकोच ना चिडचिड. वर पोचल्यावर कपडे नीट केले, काठी घेतली आणि हसतमुखाने भाषणाला उभे राहिले. दुसऱ्याची मदत मनापासून घेता येणं हा फार मोठा नम्रपणा आहे, हे आपल्याला त्या दिवशी उमगलं, असं बाई लिहितात.

पुढे एकदा रूझवेल्टनीच त्यांना आपल्या सोशिकपणाचं मूळ सांगितलं. हवा असावा संत्र्याचा रस आणि कोणी आणून ठेवावा दुधाचा पेला. पाय चालत नसले की माणूस कुरकुर न करता तो पिऊन टाकायला शिकतो, असा त्याचा मतलब. महिनोन्महिने अंथरुणावर पडलेल्या माणसाची सेवा जिने केली असेल, तिला यातला अर्थ वेगळा समजवायला नको.

शेकोटीजवळच्या गप्पा

४ मार्च १९३३ रोजी रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. कामकऱ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा बेकार होता. बँका धडाधड बुडत होत्या, लोक पैसे काढायला रांगा लावत होते. नव्या राष्ट्राध्यक्षांनी आल्या आल्या देशातल्या सगळ्या बँका काही दिवस बंद ठेवल्या. नंतर १२ मार्चला, रविवारी रात्री, ते रेडिओवर बोलले.

या बोलण्याला पुढे ‘फायरसाइड चॅट’, म्हणजे शेकोटीजवळच्या गप्पा, असं नाव पडलं. थंडीच्या देशात जेवणानंतर घरची माणसं शेकोटीभोवती बसतात, तिथलं बोलणं. त्या रात्री त्यांनी काय सांगितलं? बँकेत ठेवलेला पैसा तिजोरीत तसाच पडून राहत नाही, तो कर्जाऊ दिला जातो, कामाला लावला जातो, आणि म्हणून सगळे एकदम मागायला आले तर चांगल्या बँकेलाही देता येत नाही. एवढी साधी गोष्ट. पण ती तोवर कोणी घरच्या भाषेत सांगितलीच नव्हती! दुसऱ्या दिवसापासून बँका उघडू लागल्या, आणि लोक परत रांगा लावून उभे राहिले ते पैसे भरायला.

बारा वर्षांत अशा सुमारे तीस गप्पा झाल्या. पर्किन्सबाई काही वेळा त्या खोलीत हजर असत. समोर नुसता मायक्रोफोन, पण रूझवेल्टचा चेहरा खुलायचा, मान डोलायची, हात हलायचे. जणू समोर कोणी कुटुंब बसलं आहे! आपलं बोलणं लाखो लोक ऐकताहेत हा विचार त्यांच्या मनात नसायचा. ओसरीवर किंवा बैठकीच्या खोलीत बसलेली चार माणसं त्यांच्या डोळ्यांपुढे असायची, असं बाईंनी नोंदवलं आहे. आणि उलट बाजूही त्यांनी पाहिली होती. लोकांच्या घरी रेडिओभोवती बसून त्यांनी त्याच गप्पा ऐकल्या होत्या. रूझवेल्ट न आवडणारी माणसंही तिथे असत, पण ऐकताना ती हसत, त्यांचे डोळे भरून येत.

भाषणाचा मसुदा पुष्कळदा दुसरे करून देत. एकदा बाईंनी दिलेल्या मजकुरात ‘अधिक सर्वसमावेशक समाज’ अशा धाटणीचं जडजंबाल वाक्य होतं. रूझवेल्टनी ते वाचलं आणि बोलताना त्याचं सरळ करून टाकलं: कोणीही बाहेर राहणार नाही असा देश आपण करणार आहोत, एवढंच! अर्थ तोच, पण पहिलं वाक्य सरकारी कागदातलं आणि दुसरं जेवणाच्या पंक्तीतलं. पंगतीतून कोणी राहून गेलं का, हे बघायची सवय आपल्याला असतेच.

२३ फेब्रुवारी १९४२ च्या बोलण्याआधी त्यांनी लोकांना सांगून ठेवलं होतं, की जगाचा नकाशा समोर घेऊन बसा. महायुद्ध चालू होतं, आणि युद्ध कुठे नि कसं चाललं आहे ते त्यांना दाखवायचं होतं. दुकानांतले नकाशे संपून गेले! मी शाळेत शिकवते, म्हणून मला ही हकिगत फार आवडते. ‘तुम्हाला कळणार नाही’ असं म्हणण्याऐवजी ‘नकाशा उघडा’ म्हणणं, हा समोरच्याचा मानच आहे.

पातेल्याचं झाकण उघडून बघा

रूझवेल्टना लोकांचं दुखणं कळायचं कसं? त्यांना स्वतःला फिरता येत नव्हतं. त्यांच्या वतीने फिरायच्या त्या त्यांच्या पत्नी एलिनॉरबाई. त्यांनीही आपल्या आठवणी लिहिल्या आहेत, आणि त्यातली एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रूझवेल्ट गव्हर्नर असताना सरकारी दवाखाने, वेड्यांची इस्पितळं, अनाथाश्रम यांच्या पाहणीला एलिनॉरबाई आत जात आणि रूझवेल्ट बाहेर गाडीत बसत. पहिल्या पहिल्यांदा त्या परत येऊन सांगत, की जेवण चांगलं आहे, आज अमुक अमुक होतं. रूझवेल्ट विचारत, हे तू तक्त्यावर वाचलंस, की स्वयंपाकघरात जाऊन पाहिलंस? मग एलिनॉरबाई चुलीवरच्या पातेल्यांची झाकणं उघडून बघायला लागल्या. खाटा फार जवळ जवळ आहेत का, दिवसा त्या घडी करून कपाटात किंवा दारामागे कोंबल्या आहेत का, म्हणजे माणसं जागेपेक्षा जास्त भरली आहेत का, तेही हेरायला लागल्या.

रेडिओवरचा तो आपुलकीचा आवाज नुसता गळ्यातून आलेला नव्हता, हे यावरून कळतं. आधी पातेल्याचं झाकण उघडलं गेलं होतं. पर्किन्सबाईही म्हणतात, की आकडे सांगितले तर रूझवेल्टच्या मनात ते ठरत नसत. एखाद्या गावातल्या खऱ्याखुऱ्या माणसाची हकिगत सांगितली की ती कायमची बसायची.

‘हो’ म्हणजे नक्की काय?

आता या माणसाची दुसरी बाजू. रूझवेल्टना कोणाला ‘नाही’ म्हणवत नसे. भेटायला आलेला माणूस बोलू लागला की ते हसून मान डोलवत, ‘हो हो’ म्हणत. त्याचा अर्थ ‘मी ऐकतोय’ एवढाच असे. पण समोरच्याला वाटे की काम झालं! तो आनंदाने बाहेर पडे, पाठोपाठ त्याच्या विरुद्ध मताचा माणूस आत जाई आणि तोही तसाच आनंदाने बाहेर येई. मग दोघांची वर्तमानपत्रांतून जुंपायची. एकच काम दोघांना नेमून देण्याचीही त्यांना खोड होती. जवळची माणसं यामुळे पार हैराण होत.

पर्किन्सबाई चिडल्या नाहीत, रुसल्याही नाहीत. त्यांनी एक पद्धत बसवून घेतली. भेटीला जाताना मुद्दे थोडक्यात मांडून न्यायचे. सगळं समजावून झालं की उठण्यापूर्वी परत उजळणी. पहिला मुद्दा तुम्हाला मान्य आहे ना? दुसरा? तिसरा? याला कोण विरोध करणार आहे ते तुम्हाला माहीत आहे ना? मग मी पुढे जाऊ? असं पुन्हा पुन्हा विचारून त्या ‘हो’ला पक्कं करून घेत. एवढं झाल्यावर मात्र रूझवेल्ट शब्द फिरवत नसत. आपल्याला त्यांनी तोंडघशी पाडलं नाही, असं बाईंनी लिहिलं आहे.

ही पद्धत अगदी पहिल्या दिवसापासूनची. १९३३ च्या फेब्रुवारीत रूझवेल्टनी त्यांना मंत्रिपदासाठी न्यू यॉर्कच्या आपल्या घरी बोलावलं, तेव्हा दुसरं कोणी असतं तर आभार मानून मोकळं झालं असतं. बाई यादी घेऊन गेल्या! बेकारांना सरकारी मदत, कामाच्या तासांवर मर्यादा, किमान वेतन, बेकारीचा आणि म्हातारपणाचा विमा, मुलांना कामाला जुंपण्यावर बंदी. हे सगळं करायला तुमचा पाठिंबा असेल तरच मी येते, नाहीतर दुसरं माणूस बघा, असा रोखठोक सवाल. रूझवेल्टनी पाठिंब्याचा शब्द दिला.

आणखी एक गंमत आहे. १९३५ च्या मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा उद्योगधंद्यांविषयीचा मोठा कायदा रद्द केला. त्यातच कामगारांच्या वेतनाच्या तरतुदी होत्या. सगळीकडे सुतकी चेहरे. बाईंनी रूझवेल्टना सांगितलं, की घाबरू नका, दोन विधेयकांचे मसुदे माझ्या टेबलाच्या खणात कुलपात ठेवलेले आहेत! डाळीच्या डब्यात अडीअडचणीला चार पैसे ठेवणाऱ्या गृहिणीचीच ही रीत. त्यांतल्या एकाचा पुढे, १९३८ साली, कायदा झाला. किमान वेतन तासाला २५ सेंट, आठवड्याच्या तासांवर मर्यादा, आणि बऱ्याच धंद्यांत १६ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी.

एका कायद्याचं बाळंतपण

यादीतलं सगळ्यांत अवघड काम म्हणजे म्हातारपणाचा आणि बेकारीचा विमा. रूझवेल्टच्या मनात त्याचं चित्र अगदी घरगुती होतं. मूल जन्माला आलं की टपालवाल्याने दारात कागद आणून द्यावा, भरून घेऊन जावा. पाळण्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक माणूस या व्यवस्थेत असावा. शेतकरी, शेतावरचा गडी, त्याची बायको, सगळे.

चित्र काढणं सोपं, पण हा कायदा न्यायालयात टिकणार कसा? बाई ही काळजी मनात घेऊन एकदा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हार्लन स्टोन यांच्या घरी चहाला गेल्या. बोलता बोलता अडचण निघाली. न्यायमूर्तींनी हळूच कानात सांगितलं, की सरकारला कर बसवण्याचा अधिकार आहे, त्याचा आधार घ्या. चहाच्या निमंत्रणाला कोणी क्षुल्लक समजू नये!

तरी समितीत एकमत होईना. मग १९३४ च्या डिसेंबरमध्ये बाईंनी सगळ्यांना रात्री आपल्या घरी बोलावलं, टेलिफोन बंद करून ठेवला, टेबलावर एक बाटली ठेवली, आणि निर्णय झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही असं बजावलं. रात्री दोननंतर निर्णय झाला. ही हकिगत त्यांनी पुढे एका भाषणात हसत हसत सांगितली.

१४ ऑगस्ट १९३५ रोजी रूझवेल्टनी ‘सोशल सिक्युरिटी’च्या कायद्यावर सही केली. त्या वेळच्या छायाचित्रात खुर्चीमागे पुरुषांची दाटी आहे आणि मधोमध हॅट घातलेल्या एकट्या पर्किन्सबाई. १९४० च्या जानेवारीअखेर व्हर्मॉंट राज्यातल्या आयडा मे फुलर या निवृत्त बाईंना दरमहा मिळणाऱ्या रकमेचा पहिला चेक मिळाला, २२ डॉलर ५४ सेंटांचा. मुलाबाळांपुढे हात न पसरता म्हातारपण काढता येईल, याची ती पहिली खूण.

राहून गेलेली माणसं

कोणीही बाहेर राहणार नाही, असं रूझवेल्ट म्हणाले होते. मग कोणीच राहिलं नाही का? राहिलं. ट्रेझरीचे मंत्री हेन्री मॉर्गेंथाऊ यांनी हरकत घेतली, की घरकाम करणाऱ्या बायका आणि शेतमजूर इतके विखुरलेले आहेत, त्यांच्याकडून वर्गणी गोळा कशी करणार? आणि १९३५ च्या कायद्यातून नेमके तेच वगळले गेले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने याच कामांत होत्या. दुसऱ्यांची घरं आवरून म्हाताऱ्या होणाऱ्या बायकांनाच म्हातारपणाचा विमा नाही! नियमित कामावर असलेल्या घरकामगारांना त्यात जागा मिळाली ती १९५० साली, कायदा सुधारल्यावर. आजारपणाचा विमाही डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधामुळे तेव्हा बाजूलाच पडला.

आणि १९४२ साली याच रूझवेल्टच्या हुकुमाने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत ठेवण्यात आलं. त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. त्याबद्दल अमेरिकन सरकारने माफी मागितली ती १९८८ मध्ये. रेडिओवरचा आवाज कितीही मायेचा असला, तरी ती माया कोणाकोणापर्यंत पोचली नाही, हेही बघावं लागतं. बाईंचं पुस्तक प्रेमाने लिहिलेलं आहे, म्हणून आपण वाचताना ही गोष्ट मनात ठेवावी.

किंमत कोणी मोजली?

पर्किन्सबाईंचं घरचं आयुष्य सोपं नव्हतं. पती पॉल विल्सन यांना मानसिक आजार होता आणि ते वर्षानुवर्षं इस्पितळांत असत. एक मुलगी. घर चालायचं ते बाईंच्या मिळकतीवर. या दुखण्याचा त्यांनी कधी गवगवा केला नाही. मंत्रिमंडळातले पुरुष बाई म्हणून जरा अंतर ठेवूनच असत. पुरुषांना स्त्रीमध्ये आई दिसली की ते तिचं ऐकतात, हे हेरून त्यांनी पोशाखही साधा, पोक्त बाईसारखा ठेवला. पुरुषांच्या स्वभावाची अशी निरीक्षणं टिपून त्या एका पाकिटात जपून ठेवत! बाई असण्याची अडचण होते का, असं एका वार्ताहराने विचारलं, तर म्हणाल्या, फक्त झाडावर चढताना.

१९३९ मध्ये त्यांच्यावर महाभियोगाचा ठराव आणला गेला. ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका गोदी कामगार पुढाऱ्याला त्यांनी पुराव्याशिवाय देशाबाहेर घालवलं नाही, एवढाच गुन्हा. चौकशीत आरोपांत तथ्य आढळलं नाही. पण त्या दिवसांत रोज वर्तमानपत्र उघडताना त्यांना काय वाटत असेल!

रूझवेल्टच्या कारकिर्दीची पूर्ण बारा वर्षं फक्त दोन मंत्री टिकले, त्यांतल्या एक पर्किन्सबाई. १९४५ च्या जानेवारीत त्यांनी राजीनामा द्यायचा म्हटला. रूझवेल्ट तेव्हा फार थकले होते, रंग उतरला होता. त्यांनी बाईंच्या हातावर हात ठेवला. तुम्ही काय सोसलंत आणि काय करून दाखवलंत ते मला माहीत आहे, अशा अर्थाचं काही बोलले आणि आभार मानले. दोघांचेही डोळे भरून आले. तीन महिन्यांत रूझवेल्ट गेले.

बाई पुढे कॉर्नेल विद्यापीठात शिकवत राहिल्या आणि १९६५ मध्ये वारल्या. वॉशिंग्टनमधल्या मजूर खात्याच्या इमारतीला १९८० साली त्यांचं नाव दिलं गेलं, आणि मेन राज्यातलं त्यांचं घराणं जिथलं, ती जागा २०२४ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली.

आपल्यापुरतं

सोसायटीची बैठक असो, शाळेची पालकसभा असो, की घरातला मोठा खर्च, पर्किन्सबाईंची रीत सगळीकडे चालते. बोलायला जाण्याआधी मुद्दे एका कागदावर उतरवावेत, चारपेक्षा जास्त नकोत. शेवटी एकेक मुद्दा घेऊन ‘हे ठरलं ना?’ असं विचारावं. विरोध कोणाचा होईल ते आपणच आधी सांगावं, म्हणजे ‘हो’ म्हणणाऱ्याला नंतर पळवाट राहत नाही. आवाज चढवावा लागत नाही, आणि ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ हे वाक्यही लागत नाही.

आणि यादी झाली की एकदा बघावं, कोणाचं नाव राहिलं? महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंची तिथे नोंद आहे का, हे आपल्यापैकी किती जणींनी विचारलं आहे? उद्या त्या आल्या की चहा देताना विचारावं. कागद भरायला मदत लागली तर शेजारी बसून भरून द्यावा.